ताकद होती, डाव होते, जोड लावणारं कुणी नव्हतं: खाशाबा जाधव आणि चार्ली बर्ली

चैत्र लागला की मावळात उत्सवांची रांग लागते. तळेगाव दाभाडेत डोळसनाथ महाराजांचा उत्सव, वडगावात पोटोबा महाराजांचा, मग एकेक करत खेड्यापाड्यांच्या यात्रा. पालखी निघते, भंडारा होतो. आणि दुपार कलली की हलगी वाजायला लागते, कारण कुस्त्यांच्या आखाड्याशिवाय यात्रा पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

हा आखाडा कधी नीट पाहिला असेल तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. पैलवान लंगोट कसून मातीत उतरतो आणि आधी फडाला फेरी मारतो. शड्डू ठोकतो, हात वर करतो, पंचांच्या समोर जरा जास्त वेळ रेंगाळतो. कारण त्याची कुस्ती कुणाशी, किती रुपयांची आणि कितव्या नंबरला, हे पंच ठरवणार असतात. एक म्हातारा वस्ताद डोळ्यांनीच दोघांचं वजन करतो, मानेकडे बघतो, कान बघतो आणि सांगतो, “ह्याला त्याच्याशी लावा.” याला म्हणतात जोड लावणं.

जोड लागली नाही तर? पैलवान पुन्हा सदरा चढवतो, मित्राच्या गाडीवर मागं बसतो आणि गावी जातो. तो हरलेला नसतो. पण त्या दिवशीच्या कुस्त्यांत त्याचं नावच नसतं.

आता हीच गोष्ट जगाच्या फडावर झाली तर?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये या जोडीला ‘टायटल शॉट’ म्हणतात, म्हणजे जगज्जेत्यासमोर किताबासाठी उभं राहायची संधी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, की एक नंबरचा आव्हानवीर झालास की ही संधी आपोआप मिळत असेल. विसाव्या शतकाच्या मध्यात तरी तसं अजिबात नव्हतं. ‘द रिंग’ नावाच्या मासिकात क्रमवारी छापून यायची, पण ती क्रमवारी मानायलाच हवी अशी जबरदस्ती जगज्जेत्यावर नव्हती. कुणाशी लढायचं हे त्याचा मॅनेजर आणि लढत भरवणारा प्रमोटर ठरवायचे.

त्यातही एक पळवाट होती. जगज्जेता एखाद्या तगड्या गड्याशी लढायचा, पण करारात लिहिलेलं असायचं की ही लढत किताबासाठी नाही. दोघं ठरलेल्या वजनापेक्षा थोडं जास्त वजन घेऊन उतरायचे. जगज्जेता हरला तरी पट्टा त्याच्याच कमरेला.

मग मॅनेजर हिशोब कसा करणार? समोरचा माणूस हरवायला अवघड आहे का? त्याच्या नावावर तिकिटं खपतात का? अवघड असेल आणि तिकिटंही खपत नसतील तर त्याला जोड देण्यात कुणाचाच फायदा नाही. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या बॉक्सरांची एक अख्खी फळी या हिशोबात अडकली. होल्मन विल्यम्स, लॉइड मार्शल, एडी बुकर, जॅक चेस, कोको किड. यांना गोरे जगज्जेते टाळायचे, म्हणून बिचारे एकमेकांशीच पुन्हा पुन्हा लढायचे. या फळीत सगळ्यात वर नाव घेतलं जातं ते चार्ली बर्लीचं.

बर्लीचा जन्म १९१७चा, पेनसिल्वेनियातल्या बेसेमर गावचा. वडील काळे, कोळसा खाणीत कामाला. आई गोरी, आयरिश वंशाची. वडील गेल्यावर घर पिट्सबर्गला आलं आणि पोरगा बॉक्सिंगच्या नादाला लागला. १९३६ साली बर्लिनला, हिटलरच्या डोळ्यांसमोर, ऑलिम्पिक होणार होतं. बर्लीनं त्याच्या निवड चाचणीत उतरायलाच नकार दिला. त्याऐवजी तो बार्सिलोनाच्या ‘पीपल्स ऑलिम्पियाड’ला गेला. ही स्पर्धा बर्लिनला उत्तर म्हणून भरवली होती. बर्ली तिथं पोहोचला आणि स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. स्पर्धा रद्द. पठ्ठ्या एकही ठोसा न मारता परत आला.

तिथून पुढं सगळं याच चालीवर गेलं.

पिट्सबर्गचाच फ्रिट्झी झिविक आणि बर्ली १९३८-३९मध्ये तीनदा भिडले. पहिली झिविकनं जिंकली, पुढच्या दोन्ही बर्लीनं. १९४०मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगला हरवून झिविक वेल्टरवेट गटाचा जगज्जेता झाला. आता सरळ हिशोबानं पुढची जोड बर्लीची. पण बर्लीचे चरित्रकार सांगतात, की झिविकच्या मॅनेजरनं चक्क बर्लीचा करारच विकत घेतला. म्हणजे जगज्जेता आणि त्याला दोनदा हरवलेला आव्हानवीर एकाच मालकाच्या दावणीला. स्वतःच्या एका बैलासमोर दुसरा बैल कोण सोडेल?

मग युद्ध आलं. १९४१मध्ये झिविककडून किताब घेणारा फ्रेडी कॉक्रेन नौदलात गेला. वरच्या मिडलवेट गटाचा जगज्जेता टोनी झेल, तोही नौदलात. दोन्ही किताब १९४६पर्यंत गोठवले गेले. बर्ली नेमका याच दोन वजनांत लढायचा आणि हीच त्याची ऐन उमेदीची वर्षं होती.

तो किती चांगला होता? २१ एप्रिल १९४४ला हॉलिवूडमध्ये त्याची लढत आर्ची मूरशी झाली. मूर हा पुढं लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला आणि वर्षानुवर्षं जगज्जेता राहिला. बर्लीनं त्याला अनेकदा खाली पाडलं आणि दहा फेऱ्यांची लढत जिंकली. आपण ज्यांच्याशी लढलो त्यांत बर्ली सगळ्यात भारी होता, असं मूर आयुष्यभर सांगत राहिला. बर्ली अजिंक्य होता असं मात्र नाही. एझार्ड चार्ल्सनं त्याला १९४२मध्ये दोनदा हरवलं. पण कारकिर्दीतल्या जवळजवळ शंभर लढतींपैकी ८३ त्यानं जिंकल्या आणि एकदाही तो नॉकआऊट झाला नाही.

किताबाची लढत? शून्य.

या काळात जोड मिळवायची किंमत काय होती, हे जेक लामोटाच्या तोंडून नंतर बाहेर आलं. ‘रेजिंग बुल’ सिनेमा पाहिला असेल, तोच लामोटा. १९६०मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर त्यानं कबूल केलं, की १९४७मध्ये बिली फॉक्सशी झालेली लढत आपण मुद्दाम हरलो. का? तर त्याशिवाय टायटल शॉट मिळणार नव्हता. लामोटाला १९४९मध्ये तो मिळाला आणि तो जगज्जेता झाला. आर्ची मूरला त्याची संधी मिळाली डिसेंबर १९५२मध्ये, कारकीर्द सुरू होऊन पंधराहून जास्त वर्षं झाल्यावर. त्या लढतीत जगज्जेता जोई मॅक्झिमला एक लाख डॉलरची हमी होती. जिंकलेल्या मूरच्या हातात पडले ८०० डॉलर, असं सांगितलं जातं.

बर्ली तोवर दोन वर्षांपूर्वीच थांबला होता. पिट्सबर्ग नगरपालिकेत तो कचरा उचलायच्या कामाला लागला.

आता १९५२ हे साल आलंच आहे, तर त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात हेलसिंकीला जाऊ. कारण तिथं कराडजवळच्या गोळेश्वरचा एक पैलवान जोड शोधत उभा होता.

खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण, नंतर कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. अंगानं बारीक, उंचीनं बेताचे. असं सांगतात, की कॉलेजच्या स्पर्धेत नाव द्यायला गेले तेव्हा क्रीडा शिक्षकांनी त्यांना वरून खालपर्यंत बघून नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडं गेले. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या बारीक पोरानं मोठमोठे गडी पाडले.

हे खर्डेकर लक्षात ठेवा. गोष्टीत ते पुन्हा येणार आहेत.

ऑलिम्पिकची कुस्ती ही हौशी कुस्ती. तिथं मॅनेजर नाही, प्रमोटर नाही, तिकिटांचा हिशोब नाही. जोड चिठ्ठ्यांवर ठरते. मग खाशाबांची आणि बर्लीची गोष्ट एकत्र का सांगायची? कारण चिठ्ठीत नाव पडण्याआधी बऱ्याच टेबलांवरून जावं लागतं, आणि त्या टेबलांवर पैलवान एकटा असला की काय होतं ते खाशाबांच्या बाबतीत एकेक करून झालं.

पहिलं टेबल पैशाचं. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तोवर खाशाबा लाल मातीत वाढलेले. गादीवरची कुस्ती वेगळी, नियम वेगळे, पायाखालची पकड वेगळी. लंडनला अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना गादीचं तंत्र शिकवलं. ५२ किलोच्या फ्लायवेट गटात त्यांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं, इराणच्या मल्लाकडून हरले आणि सहावे आले. मातीतला गडी गादीवर पहिल्यांदाच उतरून जगात सहावा. हे कमी नव्हतं.

पुढची चार वर्षं त्यांनी घाम गाळला. वजनी गट वाढवला, ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये आले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव, तो आणखी घोटला.

दुसरं टेबल निवडीचं. हेलसिंकीच्या निवडीसाठी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन डावललं, असं खाशाबांचं म्हणणं होतं. प्रतिस्पर्धी होता निरंजन दास, ज्याला त्यांनी आधीच हरवलं होतं. आता दाद कुणाकडं मागायची? त्या वेळी भारतीय ऑलिम्पिक संघटनेच्या अध्यक्षपदी पतियाळाचे महाराजा यादवेंद्रसिंग होते आणि ते खेळांचे शौकीन. खाशाबांनी त्यांच्याकडं गाऱ्हाणं नेलं. महाराजांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावली. खाशाबांनी निरंजन दासला चितपट केलं आणि संघात जागा मिळवली.

इथं जरा थांबून बघण्यासारखं आहे. हा न्याय एका नियमानं मिळाला नाही. एका राजाला कुस्तीची आवड होती म्हणून मिळाला. पिट्सबर्गच्या बर्लीला असा कुणी राजा भेटला नाही.

तिसरं टेबल पुन्हा पैशाचंच. निवड झाली, पण जाणार कसं? मुंबई राज्याच्या सरकारकडं अर्ज झाले. जे मिळालं ते पुरेसं नव्हतं. कराडच्या व्यापाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कुणी रोख दिली, कुणी वस्तू दिल्या. तरी मोठी रक्कम कमीच पडत होती. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं आणि ७,००० रुपये उभे केले.

१९५२ साली ७,००० रुपये. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी.

हेलसिंकीत पोहोचल्यावर खाशाबांनी पैशाचं सोनं करायला सुरुवात केली. कॅनडाचा मल्ल चितपट. मेक्सिकोचा मल्ल चितपट. जर्मनीच्या मल्लाशी कुस्ती पंचांच्या निर्णयावर गेली, तीही खाशाबांनी जिंकली.

इथं त्या काळची पद्धत समजून घ्यायला हवी. नाहीतर पुढं काय घडलं ते कळत नाही. आजच्यासारखी उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी तेव्हा नव्हती. पद्धत होती उण्या गुणांची. समोरच्याला चितपट केलं तर तुमच्या खात्यावर काहीच चढत नाही. निर्णयावर जिंकलात तरी उणा गुण चढतो. हरलात तर जास्त चढतात. पाच झाले की तुम्ही बाहेर. असं करत करत गटात दोन किंवा तीनच मल्ल उरले की त्यांची आपापसात शेवटची फेरी व्हायची आणि त्यातून सुवर्ण, रौप्य, कांस्य ठरायचं.

बँटमवेट गटात उरले तिघं. जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद ममादबेयोव्ह आणि गोळेश्वरचे खाशाबा जाधव.

म्हणजे ज्या लढतीसाठी बर्ली चौदा वर्षं झगडला, तिच्यापर्यंत खाशाबा पोहोचले होते. जोड लागली होती. चितपट केलं असतं तर सुवर्ण.

आणि मग चौथं टेबल आलं. हे गादीच्या शेजारचं.

नेहमी सांगितली जाणारी हकीकत अशी. इशीबरोबरची कुस्ती लांबली. पंधरा मिनिटांची कुस्ती म्हणजे काय हे ज्यानं मातीत दोन मिनिटं दम काढलाय त्यालाच कळेल. ती संपली, खाशाबा बाहेर आले आणि जवळजवळ लगेच त्यांना ममादबेयोव्हसमोर बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. हा नियम तिथल्या अधिकाऱ्यांना दाखवून ‘आमचा मल्ल आत्ता उतरणार नाही’ एवढं एक वाक्य बोलायला भारतीय पथकातला एकही पदाधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगानं उतरले आणि हरले.

दोन्ही कुस्त्यांचा निकाल तीन विरुद्ध शून्य असा नोंदलेला आहे. समाजमाध्यमांवर काही जण हा आकडा बघून म्हणतात, बघा, कसली झुंज, एकही गुण मिळाला नाही. हा गैरसमज आहे. ते तीन म्हणजे तीन पंचांची मतं. तिन्ही पंचांनी प्रतिस्पर्ध्याला कौल दिला, एवढाच त्याचा अर्थ. कुस्ती किती चुरशीची झाली हे त्या आकड्यातून कळत नाही.

अर्धा तास मिळाला असता तर खाशाबा जिंकले असते का? असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. इशी काही ऐरागैरा नव्हता. ज्युदोतून कुस्तीत आलेला हा मल्ल त्या ऑलिम्पिकमध्ये जपानचं एकमेव सुवर्ण घेऊन गेला. ममादबेयोव्हनंही तोवरच्या फेऱ्या पार केल्या होत्या. पण प्रश्न जिंकण्याचा नाहीच. नियमानं जी विश्रांती त्यांची होती, ती मागणारा माणूस कोपऱ्यात नव्हता. सोव्हिएत मल्लाच्या बाबतीत असं झालं असतं का, याचा विचार करून बघा.

खाशाबांना कांस्य मिळालं. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

त्याच स्पर्धेत केशव माणगावेही होते, हे फार जणांना ठाऊक नसतं. ६२ किलोच्या गटात ते चौथे आले. एक पायरी वर चढले असते तर एकाच ऑलिम्पिकमधून महाराष्ट्रात दोन पदकं आली असती. चौथ्या क्रमांकाची मिरवणूक निघत नाही, त्यामुळं हे नाव मागं पडलं.

खाशाबांची मिरवणूक मात्र निघाली आणि कशी! कराड स्टेशनवर गर्दी, ढोल-ताशे आणि १५१ बैलगाड्या. एरवी पंधरा मिनिटांचं गोळेश्वरचं अंतर कापायला म्हणे सात तास लागले.

या मिरवणुकीचं वर्णन सगळीकडं वाचायला मिळतं. त्यानंतर खाशाबांनी काय केलं ते जास्त सांगण्यासारखं आहे. त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, जिंकले आणि त्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचं गहाण घर सोडवलं. ऑलिम्पिक पदकविजेता आपल्या पदकाचं कर्ज फेडायला पुन्हा लाल मातीत उतरला.

१९५५ला ते मुंबई पोलीस दलात सबइन्स्पेक्टर झाले. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी चालू असताना गुडघ्याला दुखापत झाली आणि ती वाट बंद झाली. पुढची नोकरी सत्तावीस वर्षांची. त्यात बढतीसाठी ताटकळणं आलं, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे आले. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांत मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ला रस्ता अपघातात ते गेले. पद्म पुरस्कार हयातीत मिळाला नाही. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मरणोत्तर, जाऊन दीड दशक उलटल्यावर. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं.

बर्लीचं शेवटचं पान पण असंच आहे. १९९२ साली त्याला आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये घेतलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो वारला. पिट्सबर्गमध्ये त्याच्या शेजारी वाढलेला एक मुलगा पुढं मोठा नाटककार झाला, ऑगस्ट विल्सन. त्याच्या ‘फेन्सेस’ या नाटकाचा नायक कचरा उचलणारा एक माजी खेळाडू आहे, ज्याला काळा म्हणून मोठ्या मैदानावर कधी उतरूच दिलं नाही. खेळ तेवढा बदललाय, बॉक्सिंगच्या जागी बेसबॉल आहे. या नाटकाला १९८७मध्ये पुलित्झर मिळालं, आणि २०१६मध्ये डेन्झेल वॉशिंग्टननं त्यावर सिनेमा केला.

मग आपल्याकडं काही बदललं का?

हेलसिंकीनंतर एकच वर्षानं, १९५३ला, महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. त्यामागं मामासाहेब मोहोळ होते, मावळाला लागूनच असलेल्या मुळशीच्या मुठा खोऱ्यातले. १९६१पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. आता जिल्ह्यातून निवड, वजनी गट, फेऱ्या, असा एक रस्ता तयार झाला. एखाद्या महाराजांची मर्जी किंवा एखाद्या प्राचार्याचं घर यावर सगळं अवलंबून राहिलं नाही. म्हणजे वाद संपले असं नाही. महाराष्ट्र केसरीच्या निकालावरून होणारी भांडणं दरवर्षी तुमच्या मोबाईलवर येतातच, आणि संघटनांमधल्या वादात मल्लांची वर्षं वाया गेल्याच्या गोष्टीही तुम्ही वाचल्या असतील.

कुस्तीचा नियमही बदलला. आंतरराष्ट्रीय कुस्तीत आता गादीच्या कोपऱ्यात मल्लाचा प्रशिक्षक बसलेला असतो. पंचांचा निर्णय पटला नाही तर तो हातातला स्पंजचा ठोकळा गादीवर फेकतो. फेकला की कुस्ती थांबते आणि व्हिडिओ बघून निर्णय तपासला जातो. टीव्हीवर तो रंगीत ठोकळा उडताना दिसला की नव्या प्रेक्षकाला हसू येतं.

खाशाबांनंतर भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडलं. लिअँडर पेसचं टेनिसमधलं कांस्य. कुस्तीत २००८ला सुशील कुमार. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते २०२४ला पॅरिसमध्ये, नेमबाजीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला. तेही कांस्यच. मधे ७२ वर्षं गेली.